हळदीचा ठराव

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. माझ्या आत्याचे. आमच्या घराण्यात पहिला पदवीधर मी, पहिला पगारदार मी; पण मला बी. ए.पर्यंत रेटत नेणाऱ्या त्या बाईला स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. देवाशी कसं बोलायचं तेही मी तिच्याकडूनच शिकलो. पुढं शहरात आल्यावर बऱ्याच शिकल्यासवरल्या लोकांनी मला ते नव्यानं शिकवायचा प्रयत्न केला, आणि माझ्या लग्नाच्या वर्षी त्या प्रयत्नांनी माझं डोकं असं उठवलं की इतक्या वर्षांनीही ती हकीकत आठवली की मी एकटाच पुटपुटायला लागतो. घरातले म्हणतात, एकदाचं लिहून टाका.

आमचं गाव सिल्लोड तालुक्यातलं. वस्ती गावाला लागून, पण गावात नाही, अशी. मला जन्म देऊन आई काही दिवसांतच गेली. वडील हंगामात सिल्लोडच्या जिनिंगमध्ये कापसाचे बोजे उचलायचे, एरवी मिळेल ते काम करायचे. घर चालवायची ती आत्या. ती वडिलांची धाकटी बहीण. पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या सालात तिचा नवरा तापानं गेला आणि ती परत भावाच्या दारात आली. ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी’ आणि ‘पोलीस अ‍ॅक्शनच्या नंतर’ असे तिच्या आयुष्याचे दोनच भाग होते. पाट लावून द्यायला कोणी कोणी आले होते म्हणे. तिनं नाही म्हटलं. का, ते कधी सांगितलं नाही.

त्या काळी विधवेला आमच्या वस्तीत कोणी उपाशी ठेवत नसे की मारत नसे. लग्नघरी पाणी भरायला, भाकरी थापायला तिला आवर्जून बोलवत. फक्त हळद लावायची वेळ आली की तिनं आपण होऊन घरामागं निघून जायचं. कोणी सांगायचंही नाही. सांगावं लागलं तर ती बाई बेशरम, एवढा तो नियम पक्का होता.

अशाच एका लग्नात, घरामागं पाण्याच्या रांजणाशी बसलेली आत्या एका बायबलबाईला भेटली. बायबलबाई म्हणजे मिशनची बाई. गावोगाव पायी फिरून बायकांना येशूच्या गोष्टी सांगायची. मांडवात वाजंत्री चालू असताना गोष्ट ऐकायला रिकामं कोण, तर आत्या. बाईनं प्रसंग बघून लग्नाचीच गोष्ट काढली. येशू एका लग्नाला गेला होता, तिथं द्राक्षारस संपला आणि त्यानं पाण्याचा द्राक्षारस केला. पुढचं बोलणं आत्यानं मला इतक्या वेळा सांगितलंय की ते माझ्यासमोर झाल्यासारखं वाटतं.

आत्यानं विचारलं, “त्या लग्नात माझ्यावानी बाया व्हत्या का?”

बायबलबाई जरा अडली. मग म्हणाली, “त्याची आई होती. तिचा नवरा तेव्हा गेलेलाच असावा. पुस्तकात पुढं त्याचं नाव येत नाही.”

“अन् ती मांडवात व्हती?”

“मांडवात काय, उस्तवार तीच बघत होती. रस संपला हे लेकाला सांगायला तीच गेली.”

“त्यानं तिला घरामागं नाय धाडलं?”

“नाही. तिचं ऐकलं त्यानं.”

बस. आत्याचा विश्वास एवढ्यावर उभा राहिला. पुढं वडिलांनी, तिनं आणि तिच्या कडेवर मी, असा आम्ही बाप्तिस्मा घेतला. वस्तीतली आणखी काही घरंही आली. पण बाकीचे ख्रिस्ती झाले तेव्हा काय सोडायचं आणि काय धरायचं ह्याची चर्चा करत बसले. आत्या मात्र घरात एक माणूस वाढल्यासारखी वागायला लागली. भाकरी करताना ती त्याच्याशी बोलायची. पीठ संपत आलं, पोराला खोकला झालाय, भाऊ आज चिडलेला दिसतोय. कधी तक्रार, कधी नुसती बातमी. तालुक्याच्या शाळेत जायला लागल्यावर एकदा मी तिला म्हटलं की आमचे मास्तर डोळे मिटून प्रार्थना करायला सांगतात. ती म्हणाली, “समोर बसलेल्या माणसाशी डोळे मिटून बोलत्यात व्हय? आन् माझी भाकर करपल.”

वस्तीतल्या ख्रिस्ती घरांनी लग्नातली हळद ठेवली होती. देवक सोडलं, नारळ सोडला. आधी प्रार्थना, मग हळद. आता आत्याला घरामागं जायचं काहीच कारण उरलं नव्हतं. ती मांडवात यायची, गाणी म्हणायची, तिचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा. पण हळदीचं ताट फिरायला लागलं की नेमकं तिचं चुलीवर काही तरी उतू जायचं. वरण म्हणा, चहा म्हणा. ती पदर खोचून धावायची आणि ताट रिकामं झाल्यावर यायची. मी लहान होतो. मला वाटायचं, खरंच उतू जातंय.

आणि मला मात्र आंघोळ घालताना ती नेहमी म्हणायची, “तुझ्या हळदीला पहिलं बोट माझं.”

मॅट्रिक झाल्यावर मी शहरात आलो. तेव्हा औरंगाबादच म्हणत. वसतिगृहात राहून बी. ए. केलं, मग हायस्कुलात मास्तर लागलो आणि बेगमपुऱ्यात खोली घेतली. वडील तोवर गेले होते. आत्या वस्तीतच राहिली. शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, मी जायला लागलो तेव्हा मला अतिशय अभिमान वाटला होता, हे कबूल केलं पाहिजे. पक्की इमारत, पेटी, रांगेत बाकं, गायनाचं पुस्तक. तिथंच माझं लग्न जमलं. मुलगी नर्स होती, तिचे वडील वारले होते, आई शिवणकाम करायची. दोघींना लग्न चर्चमध्येच हवं होतं आणि मलाही. आत्याच्या लेकराचं लग्न पक्क्या चर्चमध्ये, ह्याहून मोठं काय असणार?

मग व्हरांड्यातल्या फळ्यावर ठराव लागला. मंडळीतल्या कोणत्याही लग्नात हळदीची चाल पाळू नये. ज्या वधूवरांच्या अंगावर हळद दिसेल त्यांचं लग्न चर्चमध्ये लावलं जाणार नाही.

ह्याला कारण घडलं होतं, नाही असं नाही. आदल्या लग्नसराईत एका नवरदेवाचे गावाकडचे पाहुणे हळदीला पिऊन आले आणि त्यांनी चर्चच्या फाटकावर नारळ फोडला. चर्चचा कारभार बघणाऱ्या कमिटीला राग यायलाच हवा होता. पण दारूवर ठराव झाला नाही, नारळावर झाला नाही, पाहुण्यांवर तर नाहीच नाही. नारळाचं पाणी फाटकावर सांडलं आणि शिक्षा झाली हळदीला.

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे निजामाच्या अमदानीत तहसिलीत कारकुनी केलेले एक निवृत्त गृहस्थ. माणूस सज्जन. पण कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय ती जगात घडली आहे ह्यावर त्यांचा विश्वास बसत नसे. मी त्यांच्या घरी गेलो आणि आत्याची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. शेवटी म्हणाले, “दरख्वास्त द्या, मास्तर. तोंडी गोष्टीवर कार्यवाही होत नसते.”

दिली. ती रविवारच्या उपासनेनंतर सभेपुढं आली आणि मलाही बसवून घेतलं. त्या दिवशीचं प्रवचन क्षमेवर होतं, म्हणून मी जरा आशेनं बसलो होतो.

पहिला प्रश्न निघाला तो हा, की हळद म्हणजे नेमकं काय. उटण्यात हळद असते. मग उटणं लावलेली नवरी चालेल का? एकजण म्हणाले, उटणं दिवाळीचं, म्हणून नाही चालणार. दुसरे म्हणाले, पण नाताळला लावलं तर? कमिटीत एकच बाई होत्या. त्यांनी विचारलं की हल्ली मुली तोंडाला ते पिवळं क्रीम लावतात त्याचं काय करायचं. त्यावर बराच खल झाला. खजिनदारांनी मग आपलं बोट वर केलं. “सकाळी विळीनं कापलं म्हणून बायकोनं हळद दाबली आहे. मी बसू की जाऊ?” मला हसू आलं, पण बाकी कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी विचार करून ती हळद औषधी असल्याचं मान्य केलं आणि तसं लिहून घ्यायला सांगितलं.

माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहून सांगितलं की माझ्या आत्याला हळदीचं काही नाही. जन्मभर जिला मांडवाबाहेर काढलं ती बाई प्रभूच्या नावानं मांडवात येऊन माझ्या गालाला हात लावणार आहे. ती बंदी उठवायला तो आला, आणि आपण त्याच्या नावानं ती पुन्हा घालतोय.   कमिटीतल्या त्या बाईंनी डोळे पुसले.

अध्यक्ष म्हणाले, “आत्याबाईंनी अवश्य यावं. पहिल्या बाकावर बसवू आपण त्यांना.”

“बाकावर नाही, साहेब. मांडवात.”

“चर्चमध्ये मांडव नसतो, मास्तर.”

आता ह्यावर माणसानं काय बोलायचं? माझ्या समोर बसलेले लोक दुष्ट असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. ती सगळी कळवळ्याची माणसं होती. आजारी माणसाच्या उशाशी रात्र काढतील, मयताला खांदा द्यायला सगळ्यांत आधी पोचतील. पण प्रभूच्या आणि आपल्या मधे एक टेबल टाकून त्यावर फाइल ठेवल्याशिवाय त्यांना हुशारी वाटत नसे. शेवटी असं ठरलं की आत्याबाईंनी हळद लावण्यामागचा आपला हेतू लेखी द्यावा, खाली अंगठा करावा, मग पुढच्या सभेत विचार होईल. हेतू! जी बाई मीठ कमी पडल्याचं देवाला सांगते तिनं हळदीचा हेतू कमिटीला लिहून द्यायचा.

सभा संपल्यावर पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, मला व्हरांड्यात भेटले. म्हातारे, थकलेले. म्हणाले, मला कळतंय रे, पण ठराव कमिटीचा आहे. मी त्यांनाही फार नीट उत्तर दिलं नाही.

तरी मी तो कागद लिहिला. माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात, ‘मी खाली अंगठा करणार’ अशा सुरुवातीनं. आणि शाईचा पॅड पिशवीत टाकून एस.टी.नं गावी गेलो. वाटेतल्या प्रत्येक धक्क्याला मी कमिटीच्या एकेका माणसाला मनात उत्तर देत होतो.

आत्या अंगणात कापसाच्या पऱ्हाट्या मोडून चुलीसाठी मोळी बांधत बसली होती. माझ्या हातातला कागद बघून म्हणाली, “काय बी. ए. साहेब, कुनाच्या जिमिनीचा हाय?”

मी तिला सगळं सांगितलं. ठराव, सभा, उटणं, बोटाची हळद. बोटाच्या हळदीला ती मनापासून हसली. मग मी बंदीचं पुन्हा नीट समजावून सांगितलं, आणि मला वाटलं आता तिला वाईट वाटेल. तर तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. डोक्यावरचं ओझं कोणी उतरवून घेतल्यावर होतो तसा.

“बरं झालं की मग,” ती म्हणाली. “नगं म्हनत्यात तर नगं. हळदीवाचून कुनाचं लगीन अडलंय?”

माझा संताप संताप झाला. इतके दिवस मी अर्ज करतोय, लोकांच्या पायऱ्या झिजवतोय, सभेत रडकुंडीला येतोय, आणि जिच्यासाठी हे सगळं ती म्हणते बरं झालं. मी तिला तसं बोललोही. ती म्हणाली, मी कधी भांड म्हणाले? मी म्हटलं, पहिलं बोट माझं, असं कोण म्हणायचं? तू म्हणायचीस. माझं आख्खं लहानपण म्हणायचीस.

ती पऱ्हाट्या मोडत राहिली. जाडसर काडी होती ती तिनं गुडघ्यावर धरून मोडली. मग वर न बघता बोलली.

“लेकरा, मी हळद लावली आन् उद्या तुझ्या बायकूवर माझ्यावानी येळ आली, तर मी कुनाला तोंड दाखवू?”

 तेव्हा मला ते सगळं आठवलं: उतू जाणारं वरण, उतू जाणारा चहा, पदर खोचून चुलीकडं धावणारी आत्या. वस्तीतल्या कोणी तिला घरामागं धाडलं नव्हतं. ती आपली आपणच जात होती. बाप्तिस्म्यानंतर इतकी वर्षं.

मी म्हटलं, “आणि ती लग्नाची गोष्ट? त्याची आई मांडवात होती, तूच सांगतेस ना?”

“ती त्याची आई व्हती,” आत्या म्हणाली. “मी कोन हाय?”

मला उत्तर सुचलं नाही. बी. ए.ला तत्त्वज्ञान होतं माझं, चांगल्या मार्कांनी पास झालो होतो.  तीच पुढं म्हणाली की तिला लावायची फार इच्छा होती. प्रभूला तिनं ते सांगितलंही होतं, कितीदा तरी, मी लहान असल्यापासून. “त्यो काय बोलला नाय. आता ह्यांनी सांगितलं. म्हंजी त्याचंबी तेच आसंल.”

चार माणसांनी नारळाच्या रागात लिहिलेला कागद, आणि तिनं तो देवाचं उत्तर म्हणून घेतला. कमिटीवर माझा जो काही राग होता तो त्या क्षणी वेगळाच झाला. तोवर मला वाटत होतं की ठराव मूर्खपणाचा आहे. आता दिसलं की ज्या भीतीला ती जन्मभर दाराबाहेर ठेवायला धडपडत होती, तिला ह्या लोकांनी घरात आणून पहिल्या बाकावर बसवलं होतं, आणि वर त्या भीतीला देवाच्या नावाची चिठ्ठी दिली होती. त्यांना ते माहीतही नव्हतं. त्यांनी हळदीतली मूर्तिपूजा काढली आणि विधवेचा विटाळ तसाच ठेवला.

मी तिचा अंगठा घेतला नाही. अंगठ्याविना कागद पिशवीत परत घातला. तिनं बांधून दिलेली भाकरी घेतली आणि परत आलो.

होणाऱ्या बायकोला मी दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकावर गाठलं. ती ड्यूटी संपवून निघाली होती, पायात कळा येत होत्या, आणि मी आपला पिंपळाखाली तिला उभं करून तासभर तोफ चालवली. अध्यक्ष, खजिनदार, उटणं, क्रीम. तिनं मधे एकदा घड्याळ बघितलं. आत्याचं वाक्य सांगितलं तेव्हा मात्र तिनं मला थांबवलं.

“म्हणजे भीती कशाची, तर माझा नवरा जाईल याची?”

“हो.”

“मग मला विचारलं का कोणी? कमिटीनं नाही, आत्यांनी नाही, तुम्ही तर नाहीच. नवरा माझा जाणार ना?” ती चिडली होती, पण आमच्यासारखी नाही, कामाच्या माणसासारखी. “वॉर्डात रोज बघते मी, कोण कशानं जातं ते. हळदीनं गेलेला अजून एक नाही. पहिली हळद मला लावू द्या त्यांना. तुम्हाला मागून लावतील, उरली तर.”

मी म्हटलं, मग चर्चमध्ये लग्न होणार नाही.  तिला तिथं लग्न करायची हौस होती, मला माहीत होतं. लहानपणापासून ती त्या बाकांवर बसत आली होती. म्हणाली, “आईला मी सांगते. तुम्ही नका सांगू, तुम्ही फार लांब सांगता.”

तिची आई दोन दिवस बोलली नाही. मग शिवणाचं मशिन बाजूला करून अंगणात किती माणसं बसतील ते पावलांनी मोजायला लागली. मी पाळकसाहेबांकडं गेलो, ह्या वेळी बोलायचं सगळं घोकून. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाले, “इमारत कमिटीची आहे, बाबा. लग्न लावायचं काम मला दिलंय. अंगणात प्रार्थना करायला ठराव लागत नाही. मला बोलणी बसतील. बसू देत, माझी तेवढीच वर्षं राहिलीत.” एवढं साधं होतं तर ते व्हरांड्यात का नाही बोलले, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. विचारलं नाही. कदाचित त्यांनाही धीर यायला कोणी तरी दारात यावं लागत असेल.

अध्यक्षांना मी तो अंगठ्याविना कागद नेऊन दिला. त्यांनी तो उलटसुलट बघितला. म्हणाले, “म्हणजे दरख्वास्त मागे घेतली असं लिहू?” मी म्हटलं, लिहा. ते समाधानानं लिहू लागले. पुढं ते लग्नालाही आले, आमच्यासाठी मनापासून प्रार्थना केली, आणि पिवळंधमक वरण दोनदा मागून घेतलं. ठराव माझ्या माहितीप्रमाणे अजून रद्द झालेला नाही. पाळत कोणी नाही, पण रद्द करायला सभा लागते.

हळद लग्नाच्या आदल्या सकाळी लागली. आत्या एस.टी.नं आली, फडक्यात हळकुंडं बांधून. ताट तिच्यापुढं धरलं तेव्हा तिची बोटं हळदीत बुडाली ती तिथंच राहिली, बाहेर येईनात. बायका गाणं म्हणता म्हणता थांबल्या. आत्या मान वर करून कुणाशी तरी काही तरी बोलली, डोळे उघडेच होते, पण कोणाला ऐकू आलं नाही. मग माझ्या बायकोनं तिचं मनगट धरलं आणि तिचा हात आपल्या गालावर नेऊन टेकवला. माझ्यासाठी खरंच फार उरली नव्हती.

आत्या गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी बायको आणि मी अजून आहोत, रोज एकमेकांवर वैतागत. लग्नाआधी मी आत्याला जे पत्र पाठवलं ते तिनं बायबलात घालून ठेवलं होतं, दोन्ही वाचता येत नसताना. ते असं.

ती. आत्यास,

तुझ्या लेकराचा सलाम. हे पत्र पोस्टमनकाका तुला वाचून दाखवत असतील. काका, कृपा करून मधे थांबू नका आणि आपल्या पदरचं काही घालू नका.

तुझा अंगठा घेतला नाही ते चांगलं झालं. अर्ज मी मागं घेतला आहे. लग्न चर्चमध्ये नाही, सुनेच्या आईच्या अंगणात आहे. पाळकसाहेब स्वतः येणार आहेत. तेव्हा कमिटीनं नाही म्हटलं हे कारण आता तुला उरलं नाही.

तू मला विचारलंस, ती त्याची आई होती, मी कोण. तेव्हा मला बोलता आलं नाही. पण आत्या, तू भाकरी करताना रोज त्याच्याशी बोलतेस. घरात मीठ नाही हे माणूस परक्याला सांगत नाही. त्याची तू कोण आहेस हे तुला माहीत आहे. मला विचारू नकोस, कमिटीला तर मुळीच विचारू नकोस.

आणि तो बोलला नाही म्हणालीस. त्या लग्नात आईनं रस संपल्याचं सांगितलं तेव्हा त्यानं तिलाही लगेच हो म्हटलं नव्हतं. माझी वेळ अजून आली नाही, म्हणाला होता. तुला ही गोष्ट सांगताना बायबलबाईनं तेवढं गाळलं असावं. मी परवा पुन्हा वाचलं. त्याची आई ते ऐकून घरामागं गेली नाही. नोकरांना म्हणाली, हा सांगेल तसं करा, आणि तिथंच उभी राहिली. तू एवढंच कर. येऊन उभी राहा.

तुझी सून म्हणते, पहिली हळद तिला लावायची. नवरा तिचा आहे, भ्यायचं की नाही ते ती ठरवणार, आणि तिनं ठरवलं आहे. तिच्याशी वाद घालायचा असेल तर समोर येऊन घाल, मला जमत नाही.

भीती वाटेल. वाटू दे. भीती घेऊनच एस.टी.त बस, तिला वेगळं तिकीट लागत नाही. हळकुंडं आपल्या वस्तीतलीच आण, इथल्या गुलमंडीच्या बाजारातली मला नकोत. स्टँडवर मी उभा असेन.

ह्या वेळी स्वयंपाकाला माणूस सांगितला आहे. चुलीकडं तुला कोणी जाऊ देणार नाही. उतू जायचं असेल ते जाऊ दे.

तुझं लेकरू